सूचना, नोंदणी आणि परवाना : एका छोट्या कंपनीने घेतलेल्या सेवांचे परीक्षण

माझ्या वहिनीने आणि मी २०२४ साली सोलापुरात शेंगाचटणी, कारळ्याची चटणी आणि थालीपिठाची भाजणी तयार करून पाकिटबंद विकणारी एक छोटी खासगी मर्यादित कंपनी सुरू केली. त्या निमित्ताने परवान्यांच्या कामासाठी आम्ही आधी ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या एका खासगी संस्थेचे ‘पॅकेज’ घेतले, ते फसल्यावर गावातल्या एका कर सल्लागारांची सेवा घेतली आणि शेवटी बहुतेक अर्ज सरकारी संकेतस्थळांवर आमच्या हातांनीच भरले. या सगळ्या सेवांविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा असे काही वाचायला मिळाले असते तर आमचे पैसे तर वाचले असतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीन महिने वाचले असते.

खासगी संस्थेपासून सुरुवात करते. पॅकेजची किंमत चौदा हजार पाचशे रुपये होती, सरकारी शुल्क वेगळे, आणि त्यात सात ‘लायसन्स’ मिळतील असे सांगितले होते : उद्यम (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी), फूड लायसन्स, शॉप ॲक्ट, जीएसटी, व्यवसाय कर, आयात-निर्यात कोड आणि आयएसओ प्रमाणपत्र. फोनवर बोलणाऱ्या मुलाने आधार, पॅन आणि जागेचा पत्ता अत्यंत नम्रपणे मागून घेतला, पैसे भरायची लिंक पाठवली आणि अर्ध्या तासात उद्यमचे प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर आलेसुद्धा. आम्ही दोघी हरखून गेलो. मात्र त्या संपूर्ण संभाषणात आम्ही काय बनवणार आहोत, हे त्याने एकदाही विचारले नव्हते, आणि त्याची खूण त्या प्रमाणपत्रावरच होती.

ती खूण आमच्या लक्षात आली ती बँकेत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून कर्ज घ्यावे, कारण तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे, असा आमचा विचार होता. बँकेतल्या बाईंनी प्रमाणपत्र हातात घेतले, मुख्य उद्योगप्रकाराच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “तुम्ही चटणी स्वतः कांडता ना? मग इथे व्यापार कसा लिहिलाय?” त्या ओळीत उत्पादन असायला हवे होते. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते, पण तिचा लाभ त्यांना केवळ प्राधान्यक्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी ठरावीक प्रमाणात द्यायच्याच, कर्जापुरता मिळतो. म्हणजे स्वतःच्या कांडप यंत्रावर माल तयार करणाऱ्या आम्हा दोघींना त्या एका शब्दाने दुकानदार करून टाकले होते. दुरुस्तीसाठी फोन केला तेव्हा संस्थेने आणखी बाराशे रुपये मागितले.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती पूर्णपणे मोफत आहे, स्वयंघोषणेवर चालते, तिला कागदपत्रे जोडावी लागत नाहीत आणि तिचे नूतनीकरणही नसते, शिवाय तिच्यातली दुरुस्तीसुद्धा मोफतच होते, ही माहिती आम्हाला त्यानंतर कळली. अधिकृत संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, एवढे जरी आधी पाहिले असते तरी पुरे होते. पुढे आम्ही स्वतः त्या संकेतस्थळावर जाऊन उद्योगप्रकार बदलला आणि मसाले दळण्याच्या उद्योगाचा पाच अंकी संकेतांक यादीतून शोधून निवडला. या सेवेविषयी माझे मत अगदी चांगले आहे. फक्त एक सांगेन की तिथला प्रत्येक रकाना आपल्या धंद्याचे वर्णन असतो, म्हणून तो त्या धंद्यातल्या माणसानेच भरावा.

आता कर सल्लागारांविषयी. बाजारपेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत बसणारे हे वयस्कर गृहस्थ दुपारी तीन ते सहा एवढाच वेळ भेटतात. आम्ही पॅकेजची यादी त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी ती बाजूला सारली, एक पाठकोरा कागद ओढला आणि म्हणाले, “ताई, लायसन्स राहू द्या. आधी चार गोष्टी सांगा. काय करणार, कुठे करणार, किती माणसं कामाला आणि माल कुणाला विकणार?” चार उत्तरांखाली चार रेघा ओढून त्यांनी प्रत्येकीपुढे एकेक शब्द लिहिला : सूचना, नोंदणी, परवाना किंवा काही नाही. बोलताना आपण या सगळ्यांना सरसकट लायसन म्हणतो, पण कायद्याच्या लेखी ते वेगळे आहेत. सूचना म्हणजे मी धंदा सुरू केला आहे हे कळवणे, नोंदणी म्हणजे शासनाच्या यादीत नाव लागणे, आणि परवाना म्हणजे अटी मान्य करून मिळवलेली अनुमती, जी त्या अटी मोडल्यास काढूनही घेतली जाते. आम्हाला कुठे यांतले काय लागते हे त्या कागदाने सांगितले, आणि माझ्या मते खरी सेवा तीच होती. बाकीचे टंकलेखन कुणीही करू शकते.

‘किती माणसं’ या प्रश्नाचे उत्तर होते पाच, आम्हा दोघींसकट. महाराष्ट्रात १९४८ चा जुना दुकाने कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांची नोंदणीतून सुटका केली. अशा आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, त्यामुळे आता नव्याने सुरू करणाऱ्यांनी अर्जाच्या दिवशीचा नियम पाहूनच पुढे जावे. गावात आजही सगळे या कागदाला ‘शॉप ॲक्ट लायसन्स’ म्हणतात, मुंबईकडे ‘गुमास्ता’ म्हणतात, आणि बँकेतही त्याच नावाने मागतात. पण आमच्या हातात असलेला कागद सूचनेची पावती आहे, परवाना नव्हे, हे माहीत असल्यामुळे आम्ही दरवर्षी ‘रिन्यूअल’ करून देतो म्हणणाऱ्यांना ठामपणे नकार देऊ शकतो.

याच टप्प्यावर पाटीचा विषय आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक आहे, आणि इतर भाषेतली अक्षरे मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. आमचा पेंटर इंग्रजी नाव मोठे आणि मराठी खाली बारीक काढणार होता. सल्लागारांनी वेळीच सांगितल्यामुळे पाटी दोनदा रंगवावी लागली नाही.

सर्वात मोठा फरक पडला तो अन्नसुरक्षेच्या बाबतीत, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. पॅकेजवाल्या संस्थेने आमच्यासाठी राज्य परवान्याचा अर्ज तयार करून ठेवला होता. आम्ही अर्ज केला त्या वेळच्या नियमानुसार वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असेल तर उद्योजकाला परवान्याची गरज नव्हती. नोंदणी पुरेशी होती, आणि तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये होते. आमच्यासारख्या छोट्या उत्पादकाला राज्य परवान्यासाठी त्याच वर्षाचे ३,००० रुपये भरावे लागले असते. पैशांचा फरक बाजूला ठेवला तरी परवानाधारक उत्पादकाला दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरणपत्र भरावे लागते आणि उशिरासाठी दररोज १०० रुपये दंड आहे. म्हणजे गरजेपेक्षा मोठा परवाना काढून देणारा माणूस आपल्याला मोठेपणा देत नाही. तो आपल्या माथी एक जबाबदारी मारतो, आणि तिची कल्पनाही देत नाही.

नोंदणीचा अर्ज आम्ही ‘फॉसकॉस’ या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संकेतस्थळावर भरला. छायाचित्र, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम झाले. ही व्यवस्था २०११ च्या नियमांवर उभी आहे आणि त्या नियमांत छोट्या उत्पादकाच्या बाजूची एक तरतूद आहे, जी फारच थोड्यांना ठाऊक असते : अर्ज केल्यापासून सात दिवसांत नोंदणी मिळाली नाही, नाकारली गेली नाही आणि तपासणीची नोटीसही आली नाही, तर त्याला व्यवसाय सुरू करता येतो. आम्हाला त्या तरतुदीची गरज पडली नाही. चौदा अंकी क्रमांक आला, आणि त्याचा पहिला अंक २ आहे हे सल्लागारांनी आवर्जून दाखवले, कारण १ ने सुरू होणारा क्रमांक परवान्याचा असतो आणि २ ने सुरू होणारा नोंदणीचा.

‘माल कुणाला विकणार’ हा प्रश्न आम्हाला सर्वात सोपा वाटला होता, कारण उत्तर होते ‘ओळखीच्यांना’. सल्लागारांनी विचारले, ओळखीचे कुठे राहतात? वहिनीचे माहेर कलबुर्गीचे. पहिली मोठी मागणी तिच्या भावाच्या दुकानातूनच येणार होती, आणि कलबुर्गी सोलापूरहून जवळ असली तरी ती कर्नाटकात आहे. राज्यातल्या राज्यात मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून ती लागते. सीमेवरच्या गावांतल्या उद्योजकांनी हा मुद्दा अधोरेखित करून ठेवावा. लातूर, सांगली, कोल्हापूर, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत असंख्य घरगुती उत्पादकांची गिऱ्हाइके नातेसंबंधांमुळे सीमेपलीकडे असतात. या नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही.

व्यवसाय कराच्या बाबतीत पॅकेजवाल्यांनी केलेला प्रकार मला अधिक लागला. महाराष्ट्रात २०२० पासून कंपनी स्थापनेच्या एकत्रित अर्जातूनच व्यवसाय कराची नोंदणी होते. म्हणजे कंपनी जन्माला आली तेव्हाच तो क्रमांक आमच्याकडे होता, तरी त्याचे दोन हजार रुपये त्यांनी वेगळे लावले. आयात-निर्यात कोड तर आम्ही मागितलाच नव्हता. निर्यात करायची नसताना तो घेतला, तर दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती पुन्हा निश्चित करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. आयएसओ प्रमाणपत्राची सक्ती आमच्या व्यवसायाला नाहीच. सातपैकी दोन गोष्टी अनावश्यक, एक आधीच मिळालेली, एक चुकीची भरलेली आणि एक गरजेपेक्षा मोठी निघाली, तेव्हा अशा पॅकेजची शिफारस मी कुणालाही करणार नाही.

सल्लागारांच्या सेवेतही उणिवा आहेत, आणि त्याही सांगायला हव्यात. ते काही लेखी देत नाहीत. सगळे तोंडी आणि पाठकोऱ्या कागदावर असते, त्यामुळे घरी आल्यावर वहिनी सगळे वहीत उतरवून काढत असे. पाकिटांवरच्या मजकुराची माहिती त्यांनी दिली नाही. पाकिटबंद मालासाठी वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या खात्याकडे, नोंदणी लागते, तिची मुदत माल पाकिटबंद करायला लागल्यापासून ९० दिवस आणि शुल्क ५०० रुपये आहे, शिवाय वजनकाट्यावर विभागाचा शिक्का, म्हणजे मुद्रांकन, असावे लागते, हे आम्हाला काटा विकणाऱ्या दुकानदाराकडून समजले. तसेच कंपनी स्थापन झाल्यापासून १८० दिवसांत भागभांडवल बँकेत जमा झाल्याची घोषणा आयएनसी-२०ए या फॉर्ममध्ये करावी लागते आणि ती चुकली तर कंपनीला ५०,००० रुपये दंड होऊ शकतो, ही गोष्ट पाचव्या महिन्यात सनदी लेखापालांनी निदर्शनास आणली. तोपर्यंत आम्हाला तिचा पत्ताच नव्हता, आणि त्या आठवड्यात वहिनीला झोप लागली नव्हती. कंपनी काढून देणाऱ्या माणसाचे काम आणि धंद्याचे परवाने पाहणाऱ्या माणसाचे काम वेगळे असते. दोघांच्या मधल्या फटीत पडणाऱ्या मुदती मालकानेच सांभाळायच्या असतात.

राष्ट्रीय एक खिडकी संकेतस्थळावर ‘आपल्याला कोणत्या मंजुऱ्या लागतील’ हे सांगणारी एक मोफत प्रश्नावली आहे, तीही आम्ही नंतर भरून पाहिली. संकेतस्थळ सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. प्रश्न विचारपूर्वक केलेले आहेत आणि यादी विस्तृत निघते. पण ती यादी कशाला सूचना पुरते आणि कशाला परवाना लागतो हे जाणणाऱ्याच्याच हाती उपयोगी पडते. म्हणून सल्लागाराकडे जाण्यापूर्वी ती भरून, छापून, सोबत न्यावी असे मी सुचवीन.

एकूण खर्च सांगायचा तर सल्लागारांनी तीन बैठकांचे तीन हजार रुपये घेतले. सरकारी शुल्कात अन्नसुरक्षा नोंदणीची पाच वर्षे मिळून ५०० आणि वैधमापनाचे ५०० एवढे दोनच मोठे आकडे होते. काट्याचे मुद्रांकन वेगळे. व्यवसाय कराचे वार्षिक २,५०० रुपये कंपनीला भरावेच लागतात. पॅकेजचे पैसे परत मागितले होते. त्यांतले चार हजार मिळाले.

वहिनीच्या वहीतल्या त्या पानाची छायाप्रत आता कांडप यंत्राशेजारच्या भिंतीवर लावलेली आहे. डाव्या बाजूला कागदाचे नाव, मध्ये ‘सूचना’, ‘नोंदणी’ किंवा ‘परवाना’ यांपैकी एक शब्द, आणि उजवीकडे पुढची तारीख. काट्याचे फेरमुद्रांकन पुढच्या महिन्यात आहे, त्या ओळीखाली तिने लाल रेघ ओढली आहे.