आठ महिने डाय-कटिंग मशीन वापरल्यावर: रंगीत कपट्यांचा हिशेब

संक्रांतीच्या वाणाला लावायचे टॅग करायचे म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हे मशीन घेतलं. आता गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात टॅग झाले, एका मुंजीची साठ आहेराची पाकिटं झाली, रुखवताचे दोन ताट-रुमाल झाले. मशीन हाताने दांडा फिरवायचं, ए-फोर मापाचं. कागद आणि धारदार पोलादी साचा, म्हणजे डाय, दोन प्लेटांच्या मधे ठेवून दांडा फिरवला की दाबाने तो आकार कापून निघतो. वीज लागत नाही, आवाज नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावरही मावतं. मशीनबद्दल बोलण्यासारखं एवढंच. खरं बोलायचंय ते कागदाबद्दल.

पहिल्या महिन्यात माझ्याकडे एका बुटाच्या खोक्यात भरेल इतके कपटे साठले. सासूबाई एकदा येऊन बघत उभ्या राहिल्या. मी ए-फोर कार्डशीटच्या बरोब्बर मधोमध कमळाचा डाय ठेवून दांडा फिरवत होते. म्हणाल्या, "अगं, करंजीचा कातलेला काठ परत मळता येतो. तुझं हे कसं मळणार आहेस?" मला राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. त्या दिवसापासून डाय कोपऱ्यातून लावायला सुरुवात केली. कमळ ९ बाय ७ सेंटिमीटरचं आहे. आडवं लावलं तर ए-फोरमध्ये आठ बसतात, उभं लावलं तर नऊ. पेन्सिलीने दोन रेघा मारायचा अवकाश, एक कमळ फुकट.

पण खरी नासाडी कोपऱ्यात नव्हती, रंगांत होती. माझ्या कमळाचे पाच भाग सुटे होतात: बाहेरच्या पाकळ्या, आतल्या पाकळ्या, केसर, पान आणि देठ. सुरुवातीला नमुन्याची बारा पाकिटं केली तेव्हा मी पाचही रंगांतून पूर्ण कमळ बारा-बारा वेळा कापलं. म्हणजे साठ वेळा दांडा. हाती आली बारा कमळं, आणि खोक्यात पडले अठ्ठेचाळीस कमळांचे चुकीच्या रंगाचे भाग. हिरवं केसर, गुलाबी देठ! ते कुठे लावणार?

यावर पहिला उपाय सापडला तो रांगोळीच्या डायवर, तोही चुकून. त्या रांगोळीलाही पाचच भाग आहेत. पाच रंगांतून एकेक कापली आणि भाग आपसात बदलून बसवले. पाच कापांत पाच रांगोळ्या, प्रत्येकीत पाचही रंग, आणि उरलं काहीच नाही. रांगोळी, पतंग, फुलपाखरू अशा कुठलाही रंग कुठेही चालणाऱ्या आकारांना याला तोड नाही. कमळाला मात्र हे चालत नाही. मुंजीवाल्या ताईंना साठही पाकिटं एकसारखी हवी होती, आणि जांभळं पान बघून त्यांनी काय म्हटलं असतं ते सांगायला नको.

मग कमळासाठी दुसरी रीत बसवली. पातळ पोलादी डाय मागून उघडा असतो, त्यामुळे कुठला भाग कुठे येणार ते दिसतं. पाकळ्यांच्या खाली तेवढाच गुलाबी कपटा, पानाखाली तेवढाच हिरवा. कपटा भागापेक्षा चारी बाजूंनी ३-४ मिलिमीटर मोठा घ्यायचा आणि मास्किंग टेपने डायलाच चिकटवायचा. टेप आधी हातावर दोनदा लावून तिचा चिकटपणा मारायचा, नाहीतर ती कार्डशीटचा वरचा थर सोलून काढते. एकाच फेरीत पाचही रंग कापून निघतात. कपटे लावायला दोनेक मिनिटं जातात हे खरं, पण साठपैकी निम्म्याहून जास्त कमळं मी जानेवारीच्या त्या खोक्यातून काढली.

याची किंमत प्लेटने मोजली. जिथे खाली कागद नसतो तिथे डायची धार थेट प्लेटमध्ये रुतते. माझ्या पारदर्शक प्लेटवर मार्चपर्यंत कमळ कोरलं गेलं होतं आणि ती धनुष्यासारखी वाकली होती. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "प्लेटला गॅरंटी नसते." हे विकताना सांगायला काय झालं होतं? नवी जोडी घ्यावी लागली. आता दर फेरीनंतर प्लेट उलटी करते, डाय रोज एकाच जागी ठेवत नाही, आणि रिकाम्या भागाखाली जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवते. पत्रिकांचा आमच्या घरात तुटवडा नाही.

अगदी बोटभर पट्ट्या उरतात, त्यांचं काय? दोन्ही बाजूंनी चिकट असा शीट मिळतो (मी पुण्याच्या बोहरी आळीतून आणते). त्यावर पट्ट्या शेजारी-शेजारी लावायच्या आणि वरून डाय चालवायचा. पट्ट्यांची कड एकमेकींना भिडली पाहिजे, एकीवर एक चढता कामा नये. चढली की तिथे जाडी दुप्पट होते, काप अर्धवट राहतो आणि सुरीने सोडवताना पाकळी फाटते. मागचा कागद काढायचा नाही, नाहीतर डायच्या खाचेत गोंद बसतो. थर जाड झाल्यामुळे दाब बदलतो, तेव्हा आधी एक कपटा चालवून बघावा. पट्ट्यापट्ट्यांचे मासे मला एकरंगी माशांपेक्षा जास्त आवडतात, रुखवतात तेच गेले.

पांढऱ्या कार्डशीटमधून कापून वर रंगवण्याचाही प्रयोग केला. कागद सगळ्यात कमी लागतो, पण पोस्टर कलरने पाकळ्या वळतात. रंगीत पेन्सिल बरी. हातकागदाच्या लांब धाग्यांमुळे बारीक डायमध्ये कडा केसाळ येतात, तो साध्या मोठ्या आकारांनाच ठेवावा. माझं बहुतेक काम १६० ते २२० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) कार्डशीटवर चालतं.

आता कपटे रंगवार जुन्या पाकिटांत असतात. काडेपेटीपेक्षा लहान तो रद्दीत, असा माझा नियम होता. गेल्या महिन्यात तो मोडला. पानांचा एक सेट घेतला होता, त्यातली सहा पानं बारीक पोलादी दुव्यांनी जोडलेली होती. दुवे धारेच्या बाहेर आहेत ना, ते नीट बघून घेतलं आणि ह्यांच्या पकडीने ती तोडून सुटी केली. जोडलेली असताना सहा पानांना एक अखंड हिरवा तुकडा लागायचा. आता एकेक पान अंगठ्याएवढ्या कपट्यावर बसतं. नवीन डाय घेताना मी आधी तेच बघते: भाग सुटे आहेत का, किंवा सुटे करता येतील का. माझा कमळाचा डाय एकाच सांगाड्याचा आहे. त्याला पकड लावली तर तो संपलाच, म्हणून त्याच्यासाठी टेप आणि लग्नपत्रिका चालूच आहेत.