आईचं बायबल पुन्हा बांधून घेतलं : लक्ष्मीपुरीतल्या बाइंडरचा अनुभव

जुनी पुस्तकं नीट बांधून देणारा माणूस कोल्हापुरात कोण आहे, असं गेल्या दोन महिन्यांत मला चौघांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर सांगून झालं, म्हणून आता एकदा सविस्तर लिहून ठेवते. दुकानाचं नाव देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. "सिस्टर, मी आन् माझी सून, दोनच मान्सं. गर्दी झाली की काम बिघडतंय." (मी नर्स होते, म्हणून 'सिस्टर'.) लक्ष्मीपुरीत कागदाची दुकानं आहेत, तिथल्याच एका बोळात, जिन्याखाली त्यांची जागा आहे. कागदवाल्याला 'जुजबंदी करणारे कुठं बसतात' एवढं विचारा, दाखवतील. जुजबंदी म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्यानं शिवून केलेली बांधणी.

काम होतं आईच्या पवित्र शास्त्राचं. आई कोडोलीला बायबलबाई होती, म्हणजे गावोगावी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवायची. कापडी पिशवीत हे पुस्तक घालून बहिरेवाडी, सातवे, बोरपाडळे अशी चालत फिरायची. नुसतं वाचून दाखवायची असं नाही. ज्या बायकांचे नवरे मुंबईला गिरणीत होते त्यांची पत्रं लिहून द्यायची, आलेली वाचून दाखवायची, आणि मग कुणी म्हटलं की 'बाई, तुमच्या पुस्तकातलं काहीतरी सांगा', तेव्हा पिशवी उघडायची. ज्या दिवशी जे वाचलं त्याच्या कडेला पेन्सिलीनं गावाचं नाव आणि तारीख. यशयाच्या 41 व्या अध्यायात 'तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे' या ओळीच्या कडेला तर सात गावांची नावं आहेत.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आमच्या घरात शिरलं, तेव्हा हे पुस्तक खालच्या कप्प्यात होतं. पाणी ओसरल्यावर पानांत वर्तमानपत्रं घालून पंख्याखाली वाळवलं. पण पाठ निखळली, दोरा कुजला, पानांचे खालचे कोपरे गळून गेले. या पुस्तकात पानांचे आकडे नेमके खालच्या कोपऱ्यातच होते. त्यानंतर कितीतरी वर्षं ते उशीच्या अभ्र्यात बांधून कपाटावर होतं. दोन ठिकाणी दाखवलं. एकानं 'नवीन घ्या, स्वस्त पडेल' म्हणून परत केलं. दुसऱ्यानं सगळ्या पानांना कडेनं गोंद लावून चिकटवून देतो म्हटलं. तसं केलं असतं तर पुस्तक उघडलंच नसतं.

या बाइंडरनी आधी हात धुतले, पुसले आणि मगच अभ्रा सोडला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कड मारायची का, म्हंजे कापून सारखी करायची? मारली तर पुस्तक देखणं दिसंल, पर ही पेन्सिलीची अक्षरं जातील." हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. कड मारू नका म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं : कड नाही, जुजबंदी, मेणाचा दोरा, पाठीला जाळीचं कापड, काळं रेक्झिन. 700 रुपये, 12 दिवस.

कामाबद्दल थोडं सांगते, कारण तेच खरं बघण्यासारखं आहे. प्रत्येक फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, सुटा करून मधल्या दुमडीला, जिथं कागद फाटला होता तिथं, पातळ कागदाची पट्टी लावली. खळ घरीच शिजवतात, मैद्याची, आणि तिच्यात मोरचूद घालतात म्हणजे किडा लागत नाही. शिवणकाम सुनेचं. दाभणानं भोकं पाडून ती एकेक फर्मा मागच्या फर्म्याला अडकवत जाते. सगळं झाल्यावर पुस्तक शिकंज्यात दाबून दोन दिवस ठेवतात. आता पुस्तक उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठंही उघडलं तरी टेबलावर सपाट पडतं. आईच्या हयातीतसुद्धा ते तसं पडत नव्हतं.

आठव्या दिवशी मी सहज बघायला गेले. पानं जमिनीवर रांगेनं मांडलेली. आकडे नसल्यामुळं एका पानाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ जुळवून क्रम लावायचा होता, म्हणजे वाचणं आलंच. बाइंडरच्या गळ्यात तुळशीची माळ, नाकावर चष्मा, हातात लूकच्या शुभवर्तमानाचं पान. मला बघून पहिला प्रश्न : "सिस्टर, ते पोरगं घरी गेलं का?"

मला क्षणभर कळेना. त्यांनी पान पुढं केलं. 15 वा अध्याय. धाकट्या मुलानं वाटणी मागून घेतली, परमुलखात उधळली, दुष्काळ पडला, डुकरं राखायची पाळी आली. 'मी उठून आपल्या बापाकडे जाईन' म्हणतो, आणि पान संपतं. पुढचं पान सापडत नव्हतं. "काल रातच्याला झोपताना बी तेच डोक्यात," म्हणाले.

मी 31 वर्षं सरकारी दवाखान्यात ड्युटी केली. त्याआधी मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकले. इतक्या वर्षांत खाटेवरच्या माणसाला आपण होऊन धर्माचं काही सांगितलं नाही. सलाईन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याला नको असलं तरी तो मान डोलावतो, कारण त्याचं औषध माझ्या हातात असतं. तशा मान डोलावण्याला मी विश्वास म्हणणार नाही. कुणी आपणहून विचारलं, 'सिस्टर, नाईटला खिडकीपाशी डोळे मिटून काय करता', तर सांगायचे, की या वॉर्डातल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करते, तुमच्यासाठीही केली. पण आईसारखं चारचौघांत बसून मोकळेपणानं सांगणं मला कधी जमलं नाही, आणि तिच्या माघारी त्याची बोच राहिली. पेत्राच्या पहिल्या पत्रात 3:15 ला लिहिलंय, की तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, मात्र सौम्यपणानं, त्याचा मान राखून. त्या दिवशी विचारणारा समोर बसला होता आणि पान हरवलेलं होतं.

मग स्टुलावर बसून सांगितलं, माझ्याच शब्दांत. पोरगं निघालं. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होतं : मी मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला गड्यांपैकी एक समजून ठेव. पण बापानं त्याला लांबूनच बघितलं आणि म्हातारा माणूस असून पळत गेला, गळ्यात पडला. पोरानं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, तर गडी करून ठेव हे शेवटचं वाक्य बापानं बोलूच दिलं नाही. चांगला अंगरखा आणा, बोटात अंगठी घाला, पायात पायताण घाला.

"पायताण का?" त्यांनी विचारलं.

आई सांगायची तेच सांगितलं. गड्याच्या पायात पायताण नसतं, लेकाच्या असतं.

सून दोरा ओवता ओवता थांबली होती. ते म्हणाले, "आन् थोरला?" थोरला शेतातून आला, वाजंत्री ऐकली, रागानं घरात येईना. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आला. थोरला आत गेला का, ते येशूनं सांगितलेलंच नाही, गोष्ट तिथंच थांबते. यावर ते बराच वेळ पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसले. "थोरल्याचं बी खरं हाय की वो. मी थोरलाच. दुकान मीच धरून बसलो." मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "पर बाप दोघांसाठी बी भाईर आला म्हणायचं." मी हो म्हटलं, आणि हेही सांगितलं, की देव मला असाच भेटलाय, मी चुकल्यावर घराबाहेर येऊन बघणारा. माझ्या विश्वासाचा गाभा विचारलात तर एवढाच आहे.

मग त्यांनी सरळच विचारलं, "तुमी लोक धर्म बदलाया सांगता म्हंत्यात." हा प्रश्न मनात ठेवून गोड बोलण्यापेक्षा तोंडावर विचारला, याचं मला बरं वाटलं. मी म्हटलं, मला मिळालं ते सांगायचं, एवढं माझं काम. ऐकणाऱ्यानं त्याचं काय करायचं हे तो आणि देव बघून घेतील. त्याबदल्यात कुणाला पैसे, नोकरी, औषध दाखवणं हे माझ्या लेखी पाप आहे. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो म्हणायचे, आणि ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग लिहिले. आमच्या उपासनेत ते आजही गातात. हे ऐकून माळेवर हात ठेवून म्हणाले, "अभंग म्हंता? येवा घेऊन एकदा." पंडिता रमाबाईंचंही निघालं. आईच्या बायबलचं भाषांतर त्यांचं नव्हे, पण हिब्रू, ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल केलं, आणि केडगावला त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात तिथल्या बायकामुलींनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. सुनेनं मान वर करून पहिल्यांदाच तोंड उघडलं, "बायकांनी? कवा?" शंभर वर्षांपूर्वी म्हटलं. रमाबाई 1922 ला गेल्या आणि ते पुस्तक 1924 ला बाहेर आलं. तिनं शिवत असलेला फर्मा पुन्हा एकदा बोटानं दाबून बघितला.

आता तक्रारीचं. 12 दिवस सांगून 20 व्या दिवशी पुस्तक मिळालं. त्यात विसाव्या दिवशी घरी आणून वाचायला बसले तर 119 वं स्तोत्र अर्ध्यात तुटून एकदम नीतिसूत्रं सुरू. एक फर्मा मागं-पुढं शिवला गेला होता. मला वाईट वाटलं, कारण आई शेवटच्या आजारपणात हेच स्तोत्र रोज आठ-आठ ओळी वाचायची. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. त्यांनी बघितलं, आकडे नव्हते वगैरे काही सांगितलं नाही. "चूक माझी," म्हणाले आणि तिथल्या तिथं रेक्झिनची पाठ कापून वेगळी केली. आणखी 9 दिवस गेले. पैसे 700 च घेतले, नवं रेक्झिन लागलं तरी. तेव्हा घाईचं काम असेल तर इथं जाऊ नका, आणि पुस्तक ताब्यात घेताना दुकानातच पानं चाळून बघा. पाठीवरची सोनेरी अक्षरं बाहेरून करून घ्यावी लागतात, त्याचे वेगळे पडतात. मी केली नाहीत.

दुसऱ्यांदा आणायला गेले तेव्हा हरवलेलं पान सापडलं होतं. प्रेषितांच्या कृत्यांमधल्या एका पानाला चिकटून बसलेलं. किटलीच्या वाफेवर धरून त्यांनी ते सोडवलं आणि जागच्या जागी बसवलं. "वाचलं मी. तुमी सांगिटलं तसंच हाय." मग जरा थांबून, "हे एवढंच येगळं मिळतंय का कुठं?"

नुसत्या लूकच्या शुभवर्तमानाची पुस्तिका मिळते. चार दिवसांनी नेऊन दिली, सोबत आमच्या उपासनेतल्या गायनाचं पुस्तक, त्याचीही पाठ गेलीय. पुस्तिका तशीच ठेवा म्हटलं, पण ऐकेनात. "पुस्तक फुकट घेऊ नये, सिस्टर. किंमत छापली असंल की." छापलेली होती, 10 रुपये. मी घेतले.

त्यांनी पुस्तिका उलटी-सुलटी करून पाठ बघितली. "पिना मारल्यात. गंजून पानं सुटायची." चिमट्यानं दोन्ही पिना काढल्या, पानं ठोकून सारखी केली, आणि सुनेकडून मेणाचा दोरा मागून घेऊन मी समोर बसलेली असतानाच शिवायला घेतली.