आधी ‘डॉल’ वाचावं की ‘नो शुगर’?

ऑस्ट्रेलिया तिथल्या नाटकांतून समजून घ्यायचा असेल आणि सध्या एकच नाटक वाचून होणार असेल, तर माझ्या मते निवड या दोनांतच आहे: रे लॉलर यांचं ‘समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल’ (१९५५) आणि जॅक डेव्हिस यांचं ‘नो शुगर’ (१९८५).

‘डॉल’मधले रू आणि बार्नी सात महिने क्वीन्सलंडमध्ये ऊस तोडतात, उरलेले पाच मेलबर्नच्या कार्लटन भागात रूची मैत्रीण ऑलिव्ह हिच्या घरी मजेत काढतात. ऊसतोड म्हटलं की आपल्याला बीडहून निघालेली बिऱ्हाडं आठवतात. ते चित्र इथे बाजूला ठेवा. हे रुबाबदार, कमावते गडी आहेत. ऑलिव्ह त्यांना गरुडांची उपमा देते. लॉलर तेराव्या वर्षापासून कारखान्यात राबलेले. कामगारांची आणि बारमधली बोली त्यांनी रंगमंचावर आणली, पहिल्या प्रयोगात बार्नीही स्वतःच रंगवला. ‘मेट’, म्हणजे जिगरी दोस्त, या शब्दाचं वजन या नाटकात कळतं. डाउड या तरुण ऊसतोड्याशी झालेल्या झुंजीत हरल्यावर रू काम सोडून निघून गेला, बार्नी मात्र मागेच राहिला. ही सल दोघांना नीट बोलता येत नाही. शेवटी प्रकरण हातघाईवर येतं.

‘नो शुगर’मध्ये प्रश्नच वेगळा आहे: देश कोणाचा? डेव्हिस स्वतः नूनगार या ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येकडील आदिवासी समाजातले. काळ १९२९ ते १९३४. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दम गावच्या मिलिमुरा या नूनगार कुटुंबाला सरकार मूर रिव्हर इथल्या आदिवासींसाठीच्या सरकारी छावणीत हलवतं. सुरुवातीलाच या घरातला जो नावाचा तरुण वर्तमानपत्रातून गोऱ्यांच्या वसाहतीच्या शताब्दीचं वर्णन अडखळत वाचतो. त्या अडखळण्यात सगळा इतिहास आहे. घरात नूनगार शब्द मिसळलेली बोली, कचेरीत आदिवासींचा सरकारी ‘संरक्षक’ नेव्हिल याची गुळगुळीत सरकारी इंग्रजी. हा नेव्हिल प्रत्यक्षात होऊन गेलेला अधिकारी.

डेव्हिड विल्यमसन यांचं ‘डॉन्स पार्टी’ही (१९७१) झकास आहे, पण ते १९६९च्या निवडणुकीच्या रात्रीत फार रुतलेलं वाटतं.

अभिवाचन करायचं असेल तर ‘डॉल’ घ्या: सात पात्रं, एकच घर. एकट्याने वाचणार असाल तर मी ‘नो शुगर’च हातात देईन. पुस्तकाच्या शेवटी नूनगार शब्दांचे अर्थ दिले आहेत. पहिल्या वाचनात ते पाहू नका. काही संवाद कळणार नाहीत. दारात उभ्या असलेल्या पोलिसालाही ते कळत नसतात.