शाळेच्या फिल्म वर्गाला मोबाइल घ्यावा की कॅमेरा?

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला 50 हजार दिले आणि आठवी-नववीसाठी फिल्म वर्ग काढायचं ठरलं, की पहिला वाद खरेदीवरून होतो. एक डीएसएलआर (भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यायचा, की मोबाइलवर भागवून पैसे बाकीच्या सामानात घालायचे? माझं मत आधीच सांगतो: पहिल्या वर्षी मोबाइल. स्वस्त पडतो, हे त्यातलं सगळ्यात दुय्यम कारण.

चित्राच्या बाबतीत कॅमेरा सरस, यात वाद नाही. शिकवायलाही तो सोयीचा. अॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) मुलं स्वतः बदलून बघतात, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे चित्रात उजेड किती घ्यायचा, हे डोक्यात बसतं. मोबाइल हे सगळं परस्पर उरकतो. पात्र सावलीतून उन्हात गेलं की चित्र मधेच उजळतं, आणि का, ते कोणालाच सांगता येत नाही. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत अॅप टाकलं तर एक्स्पोजर आणि फोकस लॉक करता येतात. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवून बघा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून हे आकडे. बऱ्याच फोनमध्ये शटर ठरवायची ही सोय मिळते, सगळ्यांत नाही.

पण शाळेतली फिल्म चित्रामुळे क्वचितच फसते, ती फसते आवाजामुळे. वर पंखा, खाली मैदान, मधेच तासाची घंटा. आणि शाळेच्या बजेटात बसणारे कॅमेरे इथेच मार खातात: कॅनन 1500डी किंवा आता बनत नसलेला, जुनाच मिळणारा निकॉन डी3500 यांना बाहेरचा माइक लावायला जागाच नाही. म्हणजे 40 हजारांच्या आसपासची वस्तू घेऊन पाच फुटांवरचा संवाद कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर टिपायचा. उलट हजाराच्या आतबाहेर मिळणारा, लांब वायरचा कॉलर माइक साध्या फोनला चालतो. फोनला गोल जॅक आहे की फक्त टाइप-सी, तेवढं आधी बघून घ्या. माइक टायला लावू नका, गाठ घासून खरखर येते. शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी लावा.

दुसरा मुद्दा हातांचा. वर्गात 40 मुलं आणि कॅमेरा एक, म्हणजे तो कायम त्याच दोघांच्या हातात. बाकीचे गर्दी हटवणार. पाच फोन असले तर पाच गट होतात आणि मागच्या बाकावरची मुलगीही शॉट लावते. मात्र पालकांच्या फोनवर विसंबू नका, तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. शिक्षकांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून जुने फोन मागा, सिम काढून घ्या आणि ते शाळेतच ठेवा. शूटिंगआधी पालकांची लेखी संमती दोन्ही बाबतींत लागतेच.

एडिटिंगला मोबाइल सोपा. काइनमास्टर या एडिटिंग अॅपच्या मोफत आवृत्तीत व्हिडिओवर अॅपचा शिक्का उमटतो, व्हीएन या दुसऱ्या अॅपमध्ये तो टाळता येतो. कॅमेऱ्याच्या फाइल्स संगणकावर न्याव्या लागतात. तिथलं ‘डाविंची रिझॉल्व्ह’ हे एडिटिंग सॉफ्टवेअर मोफत आणि उत्तम, पण शाळेच्या लॅबमधल्या 4 जीबीच्या मशीनवर त्याचा श्वास कोंडतो; तिथे ‘शॉटकट’ हे हलकं सॉफ्टवेअर बरं. मोबाइलची क्लिप संगणकावर आणली आणि ओठ-आवाज जुळेना, तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हा आकडा, कमीजास्त होत असतो; आधी ती क्लिप एकसारख्या फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या. आणि क्लिप व्हॉट्सअॅपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्राचा लगदा होतो.

कॅमेरा केव्हा घ्यावा? अकरावीची सहा-आठ जणांची टीम असेल आणि शिकवणाऱ्याला स्वतःला तो चालवता येत असेल तर जरूर. तेव्हाही माइक जॅक असलेलाच, उदाहरणार्थ कॅनन 200डी मार्क 2. एक धोका लक्षात ठेवा: शाळेचा महागडा कॅमेरा स्नेहसंमेलनाला बाहेर येतो आणि बाकी वर्षभर मुख्याध्यापकांच्या कपाटात बसतो.

पहिला स्वाध्याय फाळक्यांचाच द्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेबांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेका फ्रेमने, म्हणजे ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत, टिपली होती. त्यासाठी यंत्र आठवडाभर एकाच जागी अडकून पडतं. एकुलता एक कॅमेरा असा कोणी अडकवू देणार नाही, जुना फोन खुशाल अडकवा.

50 हजारांची वाटणी मी अशी करीन: आधी पाच ट्रायपॉड आणि पाच कॉलर माइक, मग मेमरी कार्डं, एक हार्ड डिस्क आणि दोन एलईडी दिवे. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या कॅमेऱ्यासाठी बँकेत.