सुडोची मुदत वाढवावी की पोलकिटचा नियम लिहावा?

नागपुरात महालमधल्या एका डीटीपीच्या दुकानात उबुंटू 24.04 (लिनक्स) आहे. आतलं दुसरं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) उघडलं की पासवर्डची खिडकी हजर! सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारात कमांड चालवायची सोय; एकदा दिलेला पासवर्ड ती काही वेळ लक्षात ठेवते. ती मुदत वाढवून खिडकी जात नाही, कारण खिडकी पोलकिटची, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेची. सुडोचं राज्य टर्मिनलपुरतं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीपुरतं: मुदत मुळात 15 मिनिटं, व्हिसुडोमध्ये (सुडोची सेटिंग बदलायची कमांड) टाइमस्टॅम्प-टाइमआउट (timestamp_timeout) 60 केलं की तासभर. कमांडवाल्यांना तेवढं पुरे.

दुकानाला पोलकिटच बरं. नियम म्हणजे जावास्क्रिप्टच्या चार-पाच ओळी. परवानगी फक्त डिस्क माउंट करण्याची (वापरासाठी जोडण्याची), तीही युजरच्या एकाच ग्रुपला. पॅकेज (सॉफ्टवेअर) टाकताना पासवर्ड मागितला जाईलच, आणि मागू द्यावा. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर त्याच मशीनला लागतात. अशा मशीनवर सुडोत सरसकट नोपासवर्ड, म्हणजे पासवर्ड विचारणंच बंद? बिलकुल नको, भाऊ.