पीझो फिल्म घेतली, आणि या वेळी खरंच बीटा निघाली

साडेतीन स्टार. पीझो फिल्म म्हणजे दाबली-वाकवली की विद्युत सिग्नल देणारी प्लास्टिकची पातळ शीट, आणि बीटा म्हणजे तो गुण देणारी तिची स्फटिकरचना. फिल्म चांगली आहे, दीड स्टार कुठे कापला ते खाली लिहिलंय.

आधी मागच्या वेळची फजिती सांगतो म्हणजे एवढा काथ्याकूट का करतोय ते कळेल. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून 'पीव्हीडीएफ (हे फ्लोरिनवालं प्लास्टिक) पीझो शीट' म्हणून घेतलेली, सोबत सर्टिफिकेट, त्यात एफटीआयआरचा (इन्फ्रारेड शोषून रचना ओळखायची चाचणी) ग्राफ आणि ८४० च्या पीकवर (आकडे प्रति सेंटीमीटरमध्ये) लाल गोल, म्हणे बीटा फेज. मीही खूश, कारण बोटाने टिचकी मारली की स्कोपवर सिग्नल यायचा. दोन आठवडे गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की बोट लावलं की स्टॅटिक आणि मेन्सची गुणगुण कुठल्याही प्लास्टिकवर दिसते! पट्टी वर वाकवली काय नि खाली वाकवली काय, सिग्नलला काही फरकच नाही. खरी पीझो असती तर वाक उलटला की चिन्ह उलटायला हवं.

मग स्वतः एफटीआयआर केलं तर ७६३, ७९५, ९७६, सगळी अल्फाची, म्हणजे पीझो नसलेल्या रचनेची, पिकं ओळीने उभी. आणि ते ८४० म्हणाल तर ते बीटा आणि गॅमा (आणखी एक रचना) दोघांचंही असतं, नुसत्या त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. बीटासाठी १२७५ च्या आसपास बघायचं, गॅमासाठी १२३४. सर्टिफिकेटवाल्याने ग्राफ नेमका १००० ला कापला होता, का ते आता समजलं 😀

ज्यांना हा अल्फा बीटा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉलिमर एकच, साखळीत एकाआड एक सीएचटू आणि सीएफटू, फक्त साखळी वळते कशी त्यावर सगळं. वितळवून साधी थंड केली की अल्फा येते, तिच्यात साखळी ट्रान्स-गॉश-ट्रान्स-उलटा गॉश (ट्रान्स म्हणजे सरळ, गॉश म्हणजे पिळलेला बंध) अशी वळत जाते, प्रत्येक साखळीला थोडा डायपोल (एक टोक धन, एक ऋण) असतो पण शेजारचीचा उलट, त्यामुळे एकूण शून्य. (हीच अल्फा जबर विद्युत फील्डमध्ये ठेवली तर शेजारणी एका दिशेला वळून डेल्टा होते, पण ते बाजारात कोण देतंय.) बीटात मात्र सगळे ट्रान्स, सरळ झिगझॅग, फ्लोरिन सगळे एका अंगाला आणि हायड्रोजन दुसऱ्या. क्रिस्टलमध्ये साखळीच्या दिशेने रिपीट अल्फात ४.६२ अँगस्ट्रॉम, बीटात २.५६. अल्फा फिल्म गरम करून चार-पाच पट ओढली की बीटा होते. १९६९ मध्ये कावाईंनी हिची पीझोइलेक्ट्रिसिटी दाखवली तीसुद्धा ओढून आणि पोल करूनच. ओढल्याने फक्त फेज बदलते, डायपोल अजून कुठेही तोंड करून बसलेले असतात, त्यांना एका बाजूला वळवायला पोलिंग, म्हणजे जबर विद्युत फील्ड, लागतं. म्हणून विकत घेताना 'बीटा आहे का' एवढंच विचारू नका, 'पोल केलीय का' हेही विचारा.

आता ही नवीन फिल्म. २८ मायक्रॉन, दोन्ही बाजूंना सिल्व्हर इंक, कडेला थोडी मोकळी पट्टी सोडलेली आणि तेच बरं झालं कारण चांदीतून एफटीआयआर होत नाही. कड कापून एटीआरवर (एफटीआयआरमध्ये नमुना नुसता दाबून मोजायची जोडणी) लावली, १२७५ ठसठशीत, ७६३ अगदी पुसट. एक्सआरडीतही (एक्स-रेने स्फटिकरचना बघायची चाचणी) २०.५ अंशाजवळ एकच मोठं पीक, अल्फाची १७.७, १८.३ वाली जोडी गायब. वाकवण्याच्या परीक्षेत चिन्ह बरोब्बर उलटलं. नुसता तळहात जवळ नेला तरी सिग्नल सरकतो, म्हणजे पायरोही (तापमान बदललं की सिग्नल देणारी) आहे, त्यामुळे शरीराला लावून काही मोजणार असाल तर तापमानाचा घोळ धरून चाला. आणि दाबल्यावर पीझेडटीच्या (नेहमीच्या पीझो सिरॅमिकच्या) उलट चिन्ह येतं, घाबरू नका, हिचा डी३३ (जाडीच्या दिशेचा पीझो गुणांक) ऋणच असतो.

कपॅसिटन्स चौरस सेंटीमीटरला ३८० पिकोफॅरडच्या आसपास धरा. छोटा तुकडा साध्या १० मेगओहमच्या प्रोबला लावला तर काही मिलिसेकंदांत चार्ज निथळून जातो आणि तुम्ही म्हणाल फिल्म बेकार आहे. चार्ज अँप्लिफायर (चार्ज निथळू न देता मोजणारं सर्किट) लावा.

तक्रारी. वायर जोडायच्या सूचना शून्य. मी शहाणपणा करून सोल्डरिंग आयर्न नुसतं जवळ नेलं तर कोपरा आक्रसून गोळा झाला. ओढलेली फिल्म आहे, ८० अंशांच्या वर नेलीत की आकसते आणि पोलिंगही उतरायला लागतं, वितळायची तर १७० च्या पुढेच. कंडक्टिव्ह इपॉक्सी वापरा. याचा अर्धा स्टार कापला.

पूर्ण एक स्टार कापला तो ओढण्याची दिशा शीटवर कुठेच छापलेली नाही म्हणून. त्या दिशेला ताण दिला तर आउटपुट आडव्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे सेन्सर कापताना हे कळायलाच हवं ना! शेवटी एक उभी एक आडवी अशा दोन सारख्या पट्ट्या कापून, दोन्हींना एकच वजन टांगून शोधली, त्यात शीटचा चांगला चतकोर गेला. तुम्ही घेतलीत तर मोकळ्या कडेचा तुकडा आधी हाताने फाडून बघा, ज्या बाजूने सहज सरळ फाटत जाईल ती ओढलेली दिशा. हे मला चतकोर गेल्यावर सुचलं.