अमेरिकन कॉलेजचे चान्सेस सांगणारं अलकापुरीतलं काउन्सिलिंग सेंटर: पाचापैकी अडीच स्टार

सेंटरचं नाव लिहीत नाहीये, कारण तिथल्या एका मुलीने आमचं खरंच भलं केलंय आणि तिची नोकरी जायला नको. बडोद्यातल्या अलकापुरीत, स्टेशनच्या बाजूने आत वळलं की तिसऱ्या मजल्यावर, काचेचा दरवाजा, आत एसी इतका की मी दर वेळी शाल घेऊन जायचे.

आमची लेक बारावीला, सीबीएसई. तिला अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजमध्ये जायचंय. हे घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मग एम.एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स काय वाईट आहे, घरापासून दहा मिनिटं, लोक बाहेरून येतात तिथे शिकायला! त्यांची चूक नाही, बडोद्यात आर्ट्स म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं. तर आधी ते सांगून टाकते, हे चित्रकलेचं कॉलेज नव्हे. हजार-दोन हजार मुलांची छोटी कॉलेजं, फक्त बॅचलर डिग्रीवर भर, फिजिक्स गणित इकॉनॉमिक्स सगळं असतं, आणि मेजर कुठला घ्यायचा ते बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवलं तरी चालतं. ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल ही त्यातली नावं. ही नावं दांडिया बाजारात कुणाला सांगितली तर ‘म्हणजे हार्वर्ड नाही का मिळालं’ असं विचारतात, त्यामुळे मी आता सांगणंच सोडलंय.

सेंटरचं ‘प्रोफाइल असेसमेंट’ अठरा हजारांचं. मार्क, एसएटी म्हणजे तिकडच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा स्कोअर, ॲक्टिव्हिटी सगळं भरून घेतात आणि आठ दिवसांनी एक रंगीत रिपोर्ट देतात, ज्यात प्रत्येक कॉलेजसमोर प्रवेश मिळायच्या चान्सचे टक्के लिहिलेले. आमच्या रिपोर्टमध्ये ॲमहर्स्ट ६२, पोमोना ५८ आणि ग्रिनेल ८५, त्याच्यापुढे हिरव्या रंगात ‘सेफ्टी’, म्हणजे हे तर मिळणारच. आम्ही दोघं इतके खूश झालो की येताना शेव-उसळ खाल्ली, वर शेव एक्स्ट्रा.

मग तिच्या बाबाला नेहमीची सवय, रात्री बसला कॉलेजांच्या साइट उघडून. तिथे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक फॉर्म असतो, जवळपास प्रत्येक कॉलेज दरवर्षी टाकतं, किती अर्ज आले, किती घेतले, कशाला किती महत्त्व देतात, सगळं त्यात. ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना तिघंही शंभरातल्या दहालाही घेत नाहीत. आणि ही सगळ्यांची मिळून गोष्ट झाली, बाहेरच्या देशातल्या मुलांचं गणित सहसा त्याहून कडक. ग्रिनेल म्हणजे आयोवातलं, तेही काही दार उघडं टाकून बसलेलं नाही, शंभरात साधारण पंधराच्या आसपास किंवा कमीच. त्याला सेफ्टी म्हणणं म्हणजे आयआयटीला बॅकअप म्हणण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये विचारलं की हे ६२ आले कुठून. तिथले सर म्हणाले, ‘मॅडम, आमचा अल्गोरिदम आहे.’ ठीक आहे बाबा. पण नंतर लिफ्टमध्ये कारेलीबागेतले एक ओळखीचे काका भेटले, त्यांच्या मुलाचा एसएटी आमच्या लेकीपेक्षा दीडशेने कमी, कॉमर्सचा, आणि त्याचेही ॲमहर्स्ट ६२, पोमोना ५८! आम्ही दोघं तळमजला येईपर्यंत काही बोललोच नाही.

पण माझा खरा राग टक्क्यांवर नाही, पैशांवर आहे. या कॉलेजांचा राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे सत्तर लाखांच्या वर, चार वर्षं. आम्हाला मदतीशिवाय शक्यच नाही. आणि बहुतेक कॉलेजं परदेशी मुलाला घेताना ‘याला आपल्याला किती द्यावे लागतील’ हे बघूनच ठरवतात, त्याला नीड-अवेअर म्हणतात. न बघता घेणारी मोजकीच, जसं की ॲमहर्स्ट २००८ पासून आणि बोडिन नावाचं तसंच एक कॉलेज २०२२ पासून. म्हणजे तेच मार्क, तोच निबंध, पण मदत मागणाऱ्या आणि न मागणाऱ्या मुलाचे चान्स एक नाहीतच. आणि त्या अठरा हजारांच्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये आमचं उत्पन्न विचारलेलंच नव्हतं! मी हे म्हटल्यावर सरांनी अगदी हळू आवाजात सल्ला दिला, ‘मॅडम, फायनान्शियल एडच्या चौकटीला टिकच करू नका, चान्स वाढतो, तिथे गेल्यावर मागू.’ कुणी असं सांगितलं तर ऐकू नका. अनेक कॉलेजं स्पष्ट लिहितात की परदेशी मुलाने अर्ज करतानाच मागितलं नाही तर नंतर मिळणार नाही. पोरगी तिथे पोचली आणि दुसऱ्या सेमिस्टरची फी भरायला वाडीतला फ्लॅट विकला, असं करायचं का आम्ही?

सासरे हे सगळं ऐकून म्हणाले, सयाजीराव महाराज असते तर असं दारोदार फिरावं लागलं नसतं, १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. कौतुकाने सांगतात, पण मग हेही तेच सांगतात की आंबेडकरांच्या मागे नंतर संस्थानात नोकरी करायचा करार होता.

आता अडीच स्टार कशाचे ते. तिथे निबंध बघणारी एक मुलगी आहे, पंचविशीची असेल, दहा सेशनचे वेगळे पैसे. सरांनी लेकीला ‘पॅशन प्रोजेक्ट’चं पॅकेज चिकटवायचा घाट घातला होता, चाळीस हजारात एनजीओ, लोगो, वेबसाइट, वाटप करतानाचे फोटो. या मुलीने दार लावून सांगितलं की हे करू नका, असे एनजीओ वाचणाऱ्यांनी ढिगाने बघितलेत. मग तिने लेकीला बोलतं केलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं होतं ना, रस्त्यावर मगरी फिरत होत्या तेव्हा, आमच्या खालच्या मजल्यावर आजीची पेटी, म्हणजे हार्मोनियम, चिखलात गेली होती. लेकीने ती उघडून एकेक पट्टी वाळवली, तीन महिने लागले, अजून दोन सूर बेसूरच आहेत. ते तिने लिहिलं. साडेसहाशे शब्दांची मर्यादा असते, पहिला ड्राफ्ट अकराशेचा, कापता कापता रडली. पण वाचल्यावर ती आमचीच पोरगी वाटते.

शाळेची भानगडही त्या निबंधवाल्या मुलीनेच सोडवली. दोन टीचरची शिफारसपत्रं लागतात, शाळेचं एक वेगळं, वर बारावीचे अंदाजे मार्क. आमच्या शाळेने आधी जे पत्र दिलं त्यात ‘मुलगी आज्ञाधारक व वेळेवर येणारी आहे’ एवढंच, जसं काही बँकेत शिपायाच्या जागेला पाठवतोय. तिने टीचरसाठी एक पानाचे प्रश्न काढून दिले, वर्गात कधी वाद घातला का, कुठे चुकली आणि मग काय केलं वगैरे, मग केमिस्ट्रीच्या मॅडमनी काय सुंदर लिहिलंय.

तेव्हा जायचंच असेल तर रिपोर्ट घेऊ नका, फक्त निबंधाचे सेशन मागा, ते देत नाही म्हणतील, तरी अडून बसा. यादी घरी करा, डेटा सेटमध्ये शेवटाकडे परदेशी मुलांना मदत किती जणांना आणि सरासरी किती दिली ते असतं, ते आधी बघा आणि मग बाकीचं. आम्ही चौदावरून नऊवर आलो, त्यात आपल्याकडची सोनीपतची अशोका आणि पुण्याची फ्लेम या युनिव्हर्सिटी पण टाकल्यात. रिफंड मागितला होता, ‘रिपोर्ट डिलिव्हर झालाय’ म्हणाले.

पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत या, आणि शनिवारी संध्याकाळी तर जाऊच नका.